नवरंगाची नोंद

"दुसऱ्या कुणीच पाहिला नाही?" नाफुलानं विचारलं. नोंदवही तिच्या मांडीवर उघडी होती.

"नाही. मी एकटाच होतो," तिचे शाळेतले गुरुजी, म्वालिमू सिमियू म्हणाले. "सकाळी सातच्या सुमाराला, कोपऱ्यातल्या मुगुमोच्या झाडाखाली. पाचोळा उचकत होता. हिरवी पाठ, लालभडक पोट. नवरंगच."

ओमोलोला हसू आवरेना. तो मटाटू, म्हणजे भाड्याची छोटी बस चालवायचा आणि शनिवारची पहिली फेरी बुडवून पक्षी बघायला यायचा. "म्वालिमू, अकरा वर्षं मी या बागेत येतोय. नवरंग सोडा, त्याचं पीससुद्धा दिसलं नाही. चष्म्याचा नंबर तपासून घ्या एकदा."

"तुझ्या मटाटूच्या काचेपेक्षा बरा आहे माझा चष्मा."

सगळे हसले. नाफुला हसली नाही.

नैरोबीतल्या त्या वस्तीच्या बागेत दर शनिवारी जमणाऱ्या पक्षीनिरीक्षकांची वही नऊ वर्षं तिच्याकडे होती. दुर्मिळ पक्षी दोघांनी पाहिला तरच नोंद पक्की, आणि खाली दोघांच्या सह्या, असा नियम होता. ती इस्पितळात रक्त तपासायची. भिंगाखाली दिसलं नाही ते कागदावर उतरवायचं नाही, ही सवय तिथली. पण त्याआधीची शिकवण म्वालिमूंची. शाळेत असताना तिनं पुस्तकातला एक गरुड सहलीच्या यादीत घुसडला होता, तेव्हा त्यांनी सगळ्या वर्गासमोर ती यादी फाडली होती. "दिसलं ते लिही. दिसावंसं वाटलं ते नको."

आता प्रश्न वहीचा नव्हता. बागेचा तो कोपरा, मुगुमो आणि त्यामागची झाडी, गाड्या लावायला सपाट करायचा घाट होता. बुंध्यांवर लाल फुल्या पडल्या होत्या. त्यांच्या तक्रारीला पालिकेचं उत्तर आलं होतं, की शुक्रवारी चौकशीला अधिकारी येतील. तिथं एखादा दुर्मिळ पक्षी राहत असेल, तर तोड थांबवू. आणि वहीत त्या कोपऱ्यातले म्हणून होते ते बुलबुल, सुगरणी आणि कावळे.

सगळे पांगल्यावर नाफुला म्वालिमूंजवळ आली. "मी बसते तिथं रोज सकाळी. दिसला की सही करते."

"बस. पण न बघता सही करू नकोस, पोरी. माझ्यासाठी म्हणून तर मुळीच नको."

तिनं रजा टाकली. सोमवार ते गुरुवार, उजाडायच्या आत ती झाडीत जाऊन बसली. पाय मुंग्यांनी फोडून काढले. पाचोळ्यात एक मुंगूस दिसलं, दोन थ्रश पक्षी दिसले. नवरंग काही दिसला नाही.

शुक्रवारी अधिकारी बाई आल्या. बोलायला सरळ होत्या, पण घाईत होत्या. मुगुमोखाली उभं राहून त्यांनी वही चाळली.

"ही एकाचीच सही आहे. दुसरं कुणी पाहिलंय?"

ओमोलो बुटांकडे बघत राहिला. बाईंनी वही मिटून परत केली.

"मी पाहिलाय," नाफुला म्हणाली. "बुधवारी. सहा चाळीसला."

"खात्री आहे?"

"पोट लाल होतं. त्या मुळापाशी होता."

तिनं वही उघडली आणि सही केली. म्वालिमू तिच्याकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. तोड रद्द झाली. ओमोलोनं टोपलीभर मंदाझी, तळलेल्या गोड पुऱ्या आणल्या आणि "आमच्या नाफुलाची नजर म्हणजे घारीची नजर," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला. नाफुलानं हातातली मंदाझी तशीच टोपलीत ठेवली. ते पान वहीत होतं, आणि नंतर आलेली प्रत्येक नोंद तिला त्या पानामुळं खोटी वाटायला लागली होती.

म्वालिमू शनिवारी यायचे बंद झाले होते. घरी विचारलं, तर त्यांची सून म्हणाली, "ते होय? रोज सकाळी बागेतच असतात की."

सोमवारी कामावर जाण्याआधी नाफुला बागेत गेली. म्वालिमू मुगुमोपासून थोड्या अंतरावर स्टुलावर बसले होते. डोळ्यांना दुर्बीण होती, गुडघ्यांवर शाल.

"म्वालिमू, मला सांगायचंय काहीतरी."

"हळू बोल."

ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. "मी पाहिला नव्हता. चार सकाळी बसले, काही दिसलं नाही. तुम्ही जन्मात कधी खोटं बोलला नाहीत, म्हणून तुमच्या डोळ्यांच्या भरवशावर सही केली. माझी सही खोडायचीय मला. तुमची राहू दे."

म्वालिमूंनी दुर्बीण खाली घेतली.

"मीही पाहिला नव्हता गं," ते म्हणाले. "झाडं वाचावीत म्हणून बोलून गेलो. पण मग तू सही केलीस, आणि तू खोटं लिहिणार नाहीस हे मला ठाऊक. तेव्हापासून रोज सकाळी त्याला बघायला येतोय."