रोज दहाचा मेल

तिसरा प्रोग्रॅमही चांगला निघाला तर पंचाईत होती. ऑफिसच्या मेल सर्व्हरसाठी अँटिव्हायरस निवडायचं काम मॅनेजरबाईंनी त्याच्या गळ्यात घातलं होतं, आणि निवड झाली की रोज दहाला येणारा मेलही थांबणार होता.

सर्व्हरची खोली जिन्याखाली होती. ऑफिसात सगळे त्याला ‘पासवर्डवाला’ म्हणत. पासवर्ड विसरला की लोकांना त्याची आठवण होई. एरवी तो जेवला काय, न जेवला काय, कुणाला पत्ता नसे.

चाचणीची पद्धत साधी होती. व्हायरससारखी दिसणारी, पण कुणाचं काही न बिघडवणारी एक फाइल असते. ती बाहेरून कुणीतरी मेलला जोडून पाठवायची. काही अँटिव्हायरस तेवढी फाइल काढून टाकतात, फार कडक असले तर अख्खा मेलच गिळतात. ऑफिसला फाइल काढणारा हवा होता. चाचणीची फाइल तो स्वतःच्या दुसऱ्या खात्यावरूनही पाठवू शकला असता. पण त्याने आईला फोन लावला.

“दादाला सांग, ऑफिसच्या कामासाठी बाहेरून रोज एक मेल हवाय. मी फाइल पाठवेन, ती तशीच परत पाठवायची.”

“तूच सांग की.”

“आई, सांग ना.”

“सांगते बाबा. तुम्हा दोघांची पोस्टमन मीच.”

वडिलांच्या शेवटच्या आजारात दादा वेळेवर पोचला नव्हता आणि याने त्याला नको नको ते सुनावलं होतं. त्या गोष्टीला सहा वर्षं झाली, तेव्हापासून बोलणं बंद होतं. दादा दुसऱ्या शहरात, एका मोठ्या इस्पितळाच्या कचेरीत होता; तिथे कॉम्प्युटरचे नियम फार कडक, असं आई म्हणे. आईला आपला मेलचा पत्ता देऊन आणि दादाचा तिथला घेऊन याने फाइल लगेच धाडली. जाणाऱ्या मेलची तपासणी मुद्दाम बंद ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी दहाला मेल आला. ‘बारक्या, आई म्हणाली म्हणून पाठवतोय. इकडे सगळं ठीक.’ फाइल नव्हती. त्याने तक्त्यात ‘पास’ लिहिलं आणि ती ओळ चारदा वाचली. मेलबरोबर फाइल मुळात आली होती का, हे सर्व्हरच्या नोंदींत तपासायचं असतं, ते राहूनच गेलं.

मग रोज दहाला मेल येऊ लागला. दादाचा गुडघा, वहिनीचा शिवणाचा क्लास, शेजाऱ्यांशी झालेलं भांडण. तोही उत्तर लिही आणि उत्तराला दुसऱ्या दिवसाची फाइल जोडी, कधी नाव बदलून, कधी झिप करून. गुडघ्याला डॉक्टर काय म्हणाले असं विचारावं, तर दादा भलतंच काही सांगे. लहानपणापासून तसाच, समोरच्याचं ऐकेल तर शपथ.

एका सकाळी दादाने लिहिलं, ‘बाबांच्या वेळी मी गावात आलो होतो. दोन तास स्टेशनवर बसून होतो. घरी यायचा धीरच झाला नाही.’

त्याने पानभर उत्तर लिहिलं. ‘चुकलं माझं, दादा. मी तसं बोलायला नको होतं.’ खाली सवयीने फाइल जोडली. पुढच्या मेलमध्ये दादाने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. लाजला असेल, असं त्याने मनाशी ठरवलं.

दोन महिने झाले तेव्हा मॅनेजरबाई जिन्याखाली आल्या.

“तिन्ही प्रोग्रॅम शंभर टक्के पास? मग घोडं अडलंय कुठे?”

“चौथा एक बघावा म्हणतो.”

“काही नको. पहिलाच घ्या आणि आज विषय संपवा.”

त्याने विषय संपवला. मग दादाला लिहिलं, ‘चाचणी संपली. उद्यापासून मेल पाठवायची गरज नाही. आभार.’ पुढे ‘तरीही लिहीत राहिलास तर बरं वाटेल’ असं लिहिलं, पण या वयात ते शोभेना, म्हणून खोडलं. दादा आता आपणहून लिहिणारच, याची त्याला खात्री होती. जोडायला फाइल नव्हती. त्याने मेल तसाच पाठवला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या आधीच उत्तर आलं.

‘बारक्या, दोन महिन्यांत तुझा हा पहिलाच मेल मिळाला. चाचणी कसली ते कळलं नाही. आई एवढंच म्हणाली होती, की तुला रोज माझं पत्र हवंय. बाबांचं लिहिलं, त्यानंतर तर मी रोज वाट पाहत होतो. असो. तुझं उत्तर कळलं. आता नाही लिहीत.’