गाळलेला प्रसंग

"आता काय चाललंय?" तिने नवऱ्याच्या कानाशी विचारलं.

पडद्यावर बराच वेळ कुणी बोललं नव्हतं. नुसतं संगीत वाजत होतं. माणसं बोलत असली की तिला कुणाची गरज लागत नसे. बोलणं थांबलं की मात्र तिचा सिनेमा बंद पडायचा. मग नवरा हळू आवाजात सांगायचा, कोण कुठे उभं आहे, कोण कुणाकडे बघतंय.

या वेळी तो जरा थांबला. मग म्हणाला, "थोरली घर सोडून निघालीय. बाकी सगळे झोपलेत. ती डोळे मिटून घरभर फिरतेय. भिंतीवरून हात फिरवतेय. कपाटाची कडी चाचपतेय. आता जिन्याचा कठडा. कठड्याला एक खाच आहे, धाकटीने लहानपणी दातांनी पाडलेली. तिथे तिचं बोट थांबलंय."

"काका, जरा हळू," पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

तिने नवऱ्याचा हात घट्ट धरला. याच प्रसंगासाठी ती दुपारच्या खेळाला आली होती. डोळे शाबूत होते तेव्हा तिने ही कादंबरी अकरा वेळा वाचली होती. सव्वीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसली आणि जो येईल त्याच्या गळ्यात ही कादंबरी मारली. सिनेमावाल्यांनी हा प्रसंग राखला, याचंच तिला भरून आलं.

नवरा कुलपं दुरुस्त करायचा. कसलंही कुलूप त्याच्या हातात आलं की मऊ व्हायचं. अक्षरांशी मात्र त्याचा छत्तीसचा आकडा. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. तीन वर्षांपूर्वी तिची नजर गेली, तेव्हा एका सकाळी तो पेपर घेऊन तिच्याजवळ बसला होता. मथळ्यातल्याच एका जोडाक्षराला अडखळला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडखळला. मग पेपराची घडी घालून म्हणाला, "चष्मा बदलायला झाला बहुतेक." अडचण चष्म्याची नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिने पुन्हा तो विषय काढला नाही. मोबाइलवर पुस्तकं ऐकून पाहिली. पण तो वाचणारा लग्न आणि मरण एकाच सुरात वाचायचा. तेही तिने सोडून दिलं.

खेळ सुटला. बाहेरच्या पायऱ्यांवर ग्रंथालयातली जुनी मैत्रीण भेटली. पुस्तकावरून काढलेला एकही सिनेमा या दोघींनी कधी पास केला नव्हता.

"सत्यानाश केला बाई," मैत्रीण म्हणाली. "निरोपाचा अख्खा प्रसंगच गाळला."

"गाळला?"

"तर काय. त्या जागी चार मिनिटं आगगाडी, डोंगर आणि ढग. तू पाहिलं ना..." मैत्रीण चपापली. "म्हणजे, तुला सांगितलंच असेल यांनी."

नवऱ्याच्या कोपराला धरून ती उभी होती. ते कोपर तिच्या हातात ताठ झालं.

तिला कठड्यावरची ती खाच आठवली. खाच दातांची आहे, हे पडद्यावर बघून कुणाला कळलं असतं? ते फक्त पुस्तकात होतं. आणि घरातली तिची प्रत पाच महिन्यांपूर्वी कपाटातून गेली होती. विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "एकाला वाचायला दिलीय." तिने त्यावरून दोन दिवस अबोला धरला होता. बिचारा खोटं बोललाच नव्हता.

"मग काय तुझा निकाल?" मैत्रिणीने विचारलं. "पुस्तक की सिनेमा?"

"सिनेमा," ती म्हणाली.

"तुला बरं वाटतंय ना?"

"फार बरं वाटतंय."

मैत्रीण तिच्या वाटेने गेली. ही दोघं फुटपाथवरून चालू लागली. रोज "पायरी आहे", "खड्डा आहे" सांगणारा माणूस, आज कोपरा येईपर्यंत काहीच सांगायचं विसरला.

"चुकलं का गं माझं?" तो शेवटी म्हणाला. "नुसती गाडीच दाखवत होते. तू इतकी आस लावून बसलेली. मला वाटलं, आता ही विचारणार आणि मी काय सांगू, ढग?"

"कधी वाचलंत?"

"दुकानात. गिऱ्हाईक नसलं की. पहिल्या पानालाच आठवडा गेला. मग जरा सवय झाली."

कपाळावर हात धरून काउंटरमागे बसलेला, ओठ हलवत एकेक शब्द सोडवणारा नवरा तिला दिसला. तीन वर्षांत इतकं स्वच्छ तिला काही दिसलं नव्हतं.

"पूर्ण नाही झालं अजून," तो ओशाळून म्हणाला. "तीस पानं राहिलीत. त्याआधीच सिनेमा लागला. मी म्हटलं, शेवट पडद्यावर बघून सांगू." मग त्याने विचारलं, "पुस्तकात तसाच आहे का शेवट?"

"नाही. वेगळा आहे."

"काय होतं मग?"

शेवटचं पान तिला तोंडपाठ होतं, स्वल्पविरामांसकट.

"मला नीट आठवत नाही," ती म्हणाली. "घरी गेल्यावर वाचून दाखवा."