दंडावरची पट्टी

"बाबांना दे ना फोन," बंगळुरूहून केतकी म्हणाली.

"ते आंघोळीला गेलेत. मघाशी धपकन आवाज आला. हाक मारली, तर ओ देत नाहीत," मेथी निवडत इंदुमतीबाई शांतपणे म्हणाल्या.

"मघाशी म्हणजे कधी?"

"तास झाला असेल."

आई घाबरून दिवसातून दहादा फोन करायची, म्हणून केतकीनेच महिन्यापूर्वी आईच्या दंडावर ती पट्टी लावून घेतली होती. छातीत धडधडलं की पट्टी आपोआप मन शांत करणारं औषध सोडायची.

"आई, आधी ती पट्टी काढ! शेजाऱ्यांना बोलाव, दार तोडायला सांग!"

"ओरडतेस काय अशी? एवढी जुडी निवडते आणि बघते. तूही लावून घे बाई एक पट्टी."