मळायचं नाही

"आई, हे पीठ अजिबात मळायचं नाही हं. नुसतं गोळा करायचं, म्हणजे बिस्किटं हलकी फुगतात," जावईबापूंनी बजावलं आणि ऑफिसचा फोन आला म्हणून ते बाल्कनीत गेले.

शशिकलाबाईंनी परातीत डोकावून पाहिलं. लोणी आणि ताक घातलेला मैदा नुसता विस्कटून पडला होता. पोराला आईनं साधी कणीक भिजवायलासुद्धा शिकवलं नाही, असं त्यांच्या मनात आलं. जन्मभर पोळ्या लाटलेला हात स्वस्थ बसेना. फोन लांबला, तसा त्यांनी पदर खोचला आणि तेलाचा हात लावून गोळा असा तिंबला, की कानाच्या पाळीसारखा मऊ झाला. मग वर ओलं फडकं टाकून त्या साळसूदपणे कोथिंबीर निवडत बसल्या.

"ताकानं काय मऊ झालंय," परत आल्यावर जावईबापू खूश झाले.

संध्याकाळी चहाबरोबर बिस्किटं आली. बाईंच्या यजमानांनी पहिला चावा घेतला आणि जावयासमोर बोलता येईना, म्हणून मुकाट्यानं कवळी काढून खिशात ठेवली. लेकीनं आपलं बिस्किट टेबलावर आपटून पाहिलं. चहा हिंदकळला, बिस्किटाचा टवकाही उडाला नाही.

जावईबापूंचा चेहरा पडला. "माझाच हात जास्त लागला वाटतं पिठाला."

शशिकलाबाईंना क्षणभर खरं सांगावंसं वाटलं.

"होतं असं पहिल्यांदा," त्या मोठ्या मनानं म्हणाल्या आणि पीठ चिकटलेल्या बांगड्या पदराआड सरकवल्या.