शेवटच्या अंकातला विल्फ होल्रॉइड

विल्फ होल्रॉइडने फुटबॉल सामन्याची पुस्तिका मैदानावरच्या पुस्तिकांच्या टपरीच्या फळीवर आपटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हा कोण रे?"

क्लेम रिग्बीने आधी बोटाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. त्याच्या कुशीतला नव्या पुस्तिकांचा गठ्ठा घसरून खाली पसरला. बोटाखालची ओळ त्यानेच लिहिली होती. या पुस्तिकेतलं सगळं तोच लिही. पण 'आपल्यातून गेलेले' हे पान तो घरी बसून दोनदा तपासत असे.

"म्हणजे तू..." क्लेम म्हणाला.

"सकाळी दाढी केली तेव्हा तरी होतो."

"तुझ्या खुर्चीला मफलर बांधलेला होता, विल्फ."

"शेजारच्या खुर्चीतल्या बॅरीने बांधला तो! दुसरं कोणी बूड टेकू नये म्हणून. मी ग्रिम्सबीला होतो, लेकीकडे. खुबा बदलला माझा."

या मैदानावरचं कोणी वारलं की शेजारचे त्याच्या रिकाम्या खुर्चीला क्लबचा मफलर बांधत. सामना संपून गॅलऱ्या ओस पडल्या की क्लेम एकटाच रांगारांगांतून फिरे आणि मफलर दिसेल त्या खुर्चीवरचं नाव पुढच्या अंकासाठी टिपून घेई. कोणाला काही विचारावं लागत नाही, हे त्याला फार सोयीचं वाटे. चार माणसांत तोंड उघडणं त्याला जमत नसे.

"बॅरीला एका शब्दाने विचारलं असतंस तर तुझी जीभ झडली असती का?"

"नसती झडली."

"बरं, झालं ते झालं." विल्फने काठी फळीला टेकवली. "पुढच्या अंकात दुरुस्ती टाक. चौकटीत, ठळक. होल्रॉइड जिवंत आहे, चूक आमची."

"पुढचा अंक नाही, विल्फ."

"मोसम संपला, ठाऊक आहे मला. ऑगस्टमध्ये नवा सुरू झाला की टाक."

"ऑगस्टमध्येही नाही. छपाईच बंद. आता सगळं फोनवर." क्लेमने पुस्तिका उलटी करून मुखपृष्ठ त्याच्यासमोर धरलं. 'शेवटचा अंक' ही अक्षरं लाल रंगात होती. मैदानाच्या दारात पुस्तिका घेतल्यावर विल्फने सवयीने आधी मागची पानं उघडली होती. मुखपृष्ठ त्याने पाहिलंच नव्हतं.



"माझ्याकडे पहिल्यापासूनचे सगळे अंक आहेत," विल्फ म्हणाला. "बापाने जमवायला सुरुवात केली, मी चालू ठेवलं. जिन्याखाली ओळीने लावलेत. आणि त्या ओळीच्या शेवटी काय, तर मी मेलो?"

"फोनवर टाकतो ना दुरुस्ती. आजच टाकायला सांगतो."

"फोनवरचं कोणाच्या जिन्याखाली जातं, सांग बरं."

क्लेमने खिशातून पेन काढलं. "तुझ्या प्रतीत तरी खोडून देतो. खाली सही करतो."

विल्फने पुस्तिका झडप घालून छातीशी धरली. "शाई लावशील तर बघ! आजवर एका अंकावर टिंब पडू दिलं नाही मी." मग हळूच म्हणाला, "आणि माझ्यात खोडलंस, तरी बाकीच्यांच्या घरात मी मेलेलाच ना?"

क्लेम वाकून खाली पसरलेल्या पुस्तिका गोळा करू लागला, आणि तेवढ्यात ध्वनिक्षेपक खरखरला. सगळ्यांनी उभं राहावं, निवेदक सांगत होता; या मोसमात आपल्यातून गेलेल्यांची नावं आता वाचली जातील.



"विल्फ, ती यादी मीच दिली आहे वर, निवेदकाकडे."

क्लेम टपरीच्या दाराकडे धावला. एक पाय बाहेर पडला असेल नसेल, पंचाची शिट्टी वाजली आणि सारं मैदान गप्प झालं. या शांततेत इथे कोणी पाऊल उचलत नाही. एरवी पंचाच्या सात पिढ्या उद्धारणारी माणसंही श्वास धरून उभी असतात. क्लेम तसाच उंबऱ्यावर खिळला. त्याच्या मागे, टपरीच्या सावलीत, विल्फही ताठ उभा राहिला.

नावं एकेक करून येऊ लागली. प्रत्येक नाव मैदानावरून जाई, समोरच्या गॅलरीच्या पत्र्यावर आपटे आणि थोडं क्षीण होऊन परत येई.

"विल्फ्रेड होल्रॉइड."

ते नावही तसंच गेलं, तसंच परत आलं. आणि त्यापाठोपाठ समोरच्या गॅलरीतून एक हुंदका आला. बाईचा. तिने तो दाबला, पण त्या शांततेत तो लपला नाही. मग दुसरा आला.

"कोण आहे ती?" ओठ न हलवता विल्फने विचारलं.

क्लेमने डोळे बारीक करून पाहिलं. समोर नुसती डोकी दिसत होती, एकसारखी, राखाडी. त्याने नकारार्थी मान हलवली.

शिट्टी वाजली. दाबून धरलेला सगळा आवाज एकदम उसळला, चेंडू सुटला. क्लेमने दारातून अंग बाहेर काढलं. "मी वर जातो. निवेदकाला सांगतो. तू इथे आहेस हे आत्ताच्या आत्ता सांगायला लावतो सगळ्यांना."

विल्फने त्याची बाही धरली. तो अजून समोरच्या गॅलरीकडेच पाहत होता, रांगेमागून रांग, त्या रडणाऱ्या बाईला शोधत.

"मध्यंतरापर्यंत थांब," तो म्हणाला. "तोवर असू दे मला मेलेलाच."