आठ मार्कांचं उत्तर

"चारशे वर्षांपूर्वीचं हे इंग्रजी नाटक. शेवटच्या अंकात बाप आपल्या मुलाच्या खुन्यांना मारतो," असं म्हणून सरांनी फळ्यावर तयार उत्तर लिहिलं: नायकाचा दोष, सूडबुद्धी. "आठ मार्कांना येतं. उतरवून घ्या."

सगळ्या वर्गानं मान खाली घालून उतरवलं. माझं मात्र डोकं सणकलं. मी पेन ठेवलं आणि उभी राहिले.

"सर, आधी तो तीनदा राजाकडे न्याय मागायला जातो. राजा त्याला दारातूनच परत पाठवतो. ती पानं तुम्ही का सोडलीत?"

"त्यावर प्रश्न येत नाही. बस खाली."

माझ्या भावाला वाळूच्या डंपरनं चिरडलं, त्याला दोन वर्षं झाली. डंपर कुणाचा, ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पप्पा दर सोमवारी भावाचा फोटो घेऊन पोलीस ठाण्यात जातात. "बसा, साहेब येतील," तिथला हवालदार सांगतो. साहेब येत नाहीत. पप्पा संध्याकाळी फोटो पुन्हा पिशवीत घालून घरी येतात.

"नाही बसणार, सर," मी म्हणाले. "बसायचं काम आमच्या घरात पप्पा करतात."