ठिपक्या

आमच्या धुण्याच्या पावडरीच्या कारखान्याच्या दारात काचेची मोठी टाकी आहे. नदीत सोडतात तेच पाणी तिच्यात भरलेलं, आणि त्यात मासे पोहतायत. ती टाकी सांभाळायची, एवढीच माझी नोकरी. लोक बघतात, खूश होतात आणि चार पैसे जास्त देऊन आमचीच पावडर नेतात.

मागच्या आठवड्यात नात शाळेबरोबर आली. शेपटीवर काळा ठिपका असलेला एक मासा तिला फार आवडला. त्याचं नाव ठेवलं ठिपक्या. घरी जाऊन आजीच्या हात धुऊन मागे लागली, "आबांच्या पाण्यात मासे जगतात, तीच पावडर आण!" आमची ही कुणाच्या बापाचं ऐकत नाही, पण नातीपुढे गार. मग तिच्या नादानं अख्ख्या गल्लीनं पावडर बदलली.

आज नात पुन्हा येणार आहे. "आबा, आधी ठिपक्याला भेटणार हं!"

म्हणून मी सकाळपासून मासेवाल्याच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून बसलोय.



शेवटी तो वैतागला, "काका, टाकीतले मेले म्हणून रोज सकाळी मिळतील ते वीस नेता. आज ठिपकेवालाच कशाला पाहिजे?"